उदरातील जखम आणि न्यायालयाचे दार

जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मानोहाच्या पत्नीची कथा आली आहे. ती निपुत्रिक होती. परमेश्वराचा दूत तिला दर्शन देऊन पुत्रप्राप्तीची वार्ता सांगतो आणि त्याचबरोबर एक पथ्यही घालून देतो. द्राक्षारस अथवा मद्य यांचे सेवन तिने करायचे नाही. होणारा पुत्र, म्हणजेच शमशोन, जन्मापासून देवाला वाहिलेला असणार होता. त्या व्रताचाच भाग म्हणून हे पथ्य आले, असे बायबलचे अभ्यासक सांगतात. त्या अध्यायात वैद्यकशास्त्र शोधू जाणे अर्थातच बरोबर नाही. तरीही व्रत पुत्राचे आणि पथ्य मात्र त्याला उदरात वाढवणाऱ्या आईचे, ही गोष्ट मनात घर करून राहते.

गर्भवतीच्या मद्यपानाचा बाळावर परिणाम होतो, ही जाणीव इतिहासात अधूनमधून प्रकट झाली आणि पुन्हा विसरली गेली. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडन शहरात जिन नावाच्या स्वस्त दारूचा सुळसुळाट झाला होता. तेव्हा, १७२६ साली, तेथील वैद्यांच्या कॉलेजाने पार्लमेंटकडे निवेदन दिले. या दारूपायी दुबळी आणि रोगट मुले जन्माला येत आहेत, असे त्यात म्हटले होते. परंतु या प्रश्नाचा आकडेवारीनिशी झालेला पहिला महत्त्वाचा अभ्यास त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी झाला, आणि तो झाला एका तुरुंगात.

विल्यम सलिव्हन हे डॉक्टर लिव्हरपूलच्या तुरुंगात काम करीत. दारूच्या व्यसनापायी पुनःपुन्हा तुरुंगाची वारी करणाऱ्या स्त्रिया त्यांच्या पाहण्यात येत. अशा १२० स्त्रियांची त्यांनी कसून माहिती घेतली. त्यांना एकूण ६०० अपत्ये झाली होती; पैकी ३३५ मृतावस्थेत जन्मली होती किंवा वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावली होती. याच स्त्रियांच्या ज्या नातलग बायका दारू पीत नव्हत्या, त्यांच्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी आढळले. म्हणजे दोष घराण्याच्या रक्तात नव्हता. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या या टिपणात आणखी एक निरीक्षण आहे. यांपैकी काही स्त्रिया गरोदरपणाच्या आरंभीच तुरुंगात आल्या आणि तेथे त्यांना दारू मिळणे बंद झाले. त्या खेपेची त्यांची मुले जगली. तुरुंगाने एखादे बाळ वाचवल्याची नोंद इतिहासात क्वचितच सापडत असेल. पुढे शंभर वर्षांनी याच दुखण्याची माणसे जगातल्या अनेक तुरुंगांत कैदी म्हणून सापडणार होती, याची सलिव्हन यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

त्यांचे टिपण विस्मृतीत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर अशी स्थिती होती की, मुदतीपूर्वी कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या शिरेतून मद्यार्क देऊन त्या कळा थांबवण्याची पद्धत काही नामांकित इस्पितळांत रूढ झाली होती. १९६८ साली फ्रान्समधील नांत शहराचे बालरोगतज्ज्ञ पॉल लमवान यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचा अभ्यास एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापला. तो फ्रेंच भाषेत होता; त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७३ साली मात्र अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात आठ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. तीन निरनिराळ्या वंशांची होती. तरीही त्यांच्या चेहऱ्याची ठेवण, खुंटलेली वाढ आणि मंद विकास यांत विलक्षण साम्य होते. सर्वांच्या माता दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या होत्या. या विकाराला त्यांनी ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असे नाव दिले. पुढे त्याची व्याप्ती अधिक मोठी असल्याचे ध्यानात आले आणि आज त्या सगळ्या प्रकारांना मिळून ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, थोडक्यात एफएएसडी, म्हणतात. आपण त्याला गर्भातील मद्यबाधा म्हणू.

आईने घेतलेले मद्य वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचते. बाळाचे यकृत अपक्व असते. ते मद्याचा निचरा करू शकत नाही. सर्वांत मोठा आघात होतो तो घडत असलेल्या मेंदूवर. चेहऱ्यावरील खुणा, म्हणजे बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठ यांमधील सपाट झालेली पन्हळ, थोड्यांच्याच ठिकाणी दिसतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. बोलणे तर पुष्कळदा चटपटीत असते. त्यामुळे शेजारीपाजारी, शिक्षक आणि पोलीस यांना तो माणूस आळशी, खोटारडा किंवा उर्मट वाटतो. त्याला वेळेचे भान राहत नाही. कालची शिक्षा आणि आजचे कृत्य यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. एका दमात तीन गोष्टी सांगितल्या, तर पहिली तेवढी ध्यानात राहते, कधी तीही राहत नाही. आठवणीत जी पोकळी पडते, ती तो ऐकलेल्या किंवा सुचलेल्या गोष्टींनी भरून काढतो आणि ते खरे आहे असे स्वतःही मानतो. समोरच्याला बरे वाटावे म्हणून तो कशालाही ‘हो’ म्हणतो.

आता न्यायालय माणसाकडून काय मागते, ते आठवावे. ठरल्या तारखेला ठरल्या वेळी हजर राहणे. घडलेली घटना क्रमाने सांगणे. उलटतपासणीत आपल्या म्हणण्याला चिकटून राहणे. जामिनाच्या अटी वाचून सही करणे आणि त्या पाळणे. शिक्षेच्या वेळी चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसणे. गर्भातील मद्यबाधेने जे जे हिरावून घेतलेले असते, नेमके ते ते येथे मागितले जाते. सिअ‍ॅटलच्याच अ‍ॅन स्ट्रायसगुथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली अशा ४१५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील किशोरवयीन व प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे ६० टक्के कधी ना कधी कायद्याच्या कचाट्यात सापडल्या होत्या. ऑस्ट्रेलियात पश्चिमेकडील बँक्सिया हिल या बालसुधारगृहातील ९९ मुलांची रीतसर तपासणी करून २०१८ साली निष्कर्ष छापण्यात आले: ३६ मुलांना ही बाधा होती, आणि त्यांपैकी केवळ दोघांचे निदान आधी झालेले होते. बाकीच्यांना पकडणारे, त्यांच्यावर खटला चालवणारे आणि त्यांना शिक्षा देणारे सर्वजण या बाबतीत अंधारातच होते.

पण खटल्याच्या आधी न्यायालयाचे दार येते, आणि त्या दाराचाही एक इतिहास आहे.

न्यायदान उघड्या दाराने व्हावे, ही इंग्रजी परंपरेतली जुनी धारणा आहे. कोणीही यावे, मागच्या बाकावर बसावे आणि न्याय होतो की नाही ते डोळ्यांनी पाहावे. आपल्याकडील तालुक्याच्या कोर्टांत ही मोकळीक पुष्कळांनी अनुभवली असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हे दार अरुंद होत गेले. ७ ऑगस्ट १९७० रोजी कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीच्या न्यायालयात एका तरुणाने शस्त्रे आत नेली. न्यायाधीश हॅरॉल्ड हेली आणि इतरांना ओलीस धरण्यात आले व त्या प्रकरणात हेली यांच्यासह चौघांचा बळी गेला. १८ मार्च १९८२ रोजी कॅनडात टोरँटोच्या ऑस्गुड हॉल या न्यायमंदिरात एका गुरुद्वाराच्या निवडणुकीच्या दाव्यात गोळीबार झाला. दोघे ठार झाले. त्यांत एक वकील होते. अशा घटनांनंतर धातुशोधक कमानी आल्या, सामान तपासणारी यंत्रे आली, दाराशी गणवेशधारी माणसे उभी राहिली. मॅनिटोबा या कॅनडाच्या प्रांतात तर न्यायालयांच्या सुरक्षिततेसाठी वेगळा कायदाच आहे. येणाऱ्याची झडती घेणे, नकार देणाऱ्याला आत न सोडणे आणि गडबड करणाऱ्यास बाहेर काढणे, असे अधिकार त्यान्वये सुरक्षा अधिकाऱ्यांना मिळतात. ही खबरदारी अनाठायी आहे, असे कोणी म्हणू नये. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दाराशी ७ सप्टेंबर २०११ रोजी जो बॉम्बस्फोट झाला, त्यात मेलेली माणसे आत जाण्याचा पास मिळावा म्हणून ताटकळत उभी होती. सुरक्षा हवी, ती त्या गरिबांसाठीही हवी.

प्रश्न आहे तो या दाराशी मद्यबाधित माणसाचे काय होते, हा. त्याच्या मेंदूला आवाज, प्रखर प्रकाश आणि अनोळखी स्पर्श सहन होत नाहीत. दाराशी नेमके तेच असते. कमान किंचाळते. मागची रांग ढकलते. पट्टा काढा, खिसे रिकामे करा, हात वर करा, वळा, अशा चार आज्ञा एका श्वासात येतात. तो पहिली पाळतो आणि गोंधळून थांबतो. अधिकारी आवाज चढवतो. कोणी दंडाला धरते. तो हिसका देतो. एवढ्यावर तो उद्धट ठरतो, कधी त्याच्यावर नवा आरोपही ठेवला जातो. तो गांगरून परत फिरला, तर आत त्याच्या नावाचा पुकारा होतो, तो गैरहजर आढळतो आणि पकड वॉरंट निघते. मूळ आरोप दुकानातून काहीतरी उचलल्याचा असतो. तुरुंगात मात्र तो तारखेला हजर न राहिल्याबद्दल जातो. कॅनडाच्या न्यायालयांत हजेरी चुकवणे आणि जामिनाच्या अटी मोडणे यांचे खटले इतके साचले की, २०१९ साली तेथील संसदेला फौजदारी संहिता दुरुस्त करावी लागली. कोणाला इजा झाली नसेल, तर अशा चुकीबद्दल नवा आरोप न ठेवता न्यायाधीशाने जामिनाच्या अटींचाच फेरविचार करावा, असा मार्ग त्या दुरुस्तीने मोकळा केला.

या माणसांच्या बाबतीत न्याय किती चुकू शकतो, याचे सर्वांत दारुण उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले. मार्च १९९२ मध्ये ऑकलंडच्या दक्षिण भागात एका स्त्रीवर तिच्या घरात बलात्कार होऊन तिचा खून झाला. वर्ष उलटले तरी मारेकरी सापडेना. पोलिसांनी वीस हजार डॉलर्सचे इनाम जाहीर केले होते. मार्च १९९३ मध्ये टेइना पोरा नावाच्या सतरा वर्षांच्या माओरी मुलाला किरकोळ गुन्ह्यांसाठी पकडले असता, त्या खुनाबद्दल आपल्याला काही ठाऊक असल्याचे तो म्हणाला. चार दिवस त्याची चौकशी चालली. वकील जवळ नव्हता. वकील नको, असे त्याने स्वतःच सांगितले होते. त्याने आधी टोळीतल्या दोघांची नावे घेतली. घटनास्थळी सापडलेल्या पुराव्याशी त्यांचा मेळ बसला नाही. हळूहळू त्याच्या सांगण्यात तो स्वतःच गुंतत गेला. पोलिसांनी त्याला गाडीत घालून त्या रस्त्यावर नेले. घर कोणते, ते त्याला दाखवता येईना. शेवटी ते पोलिसांनीच दाखवले. मृत स्त्रीचे त्याने केलेले वर्णनही जुळत नव्हते. ती सडपातळ होती, हा तिला लठ्ठ म्हणत होता. या चौकशीच्या बऱ्याच भागाचे चित्रीकरण झाले होते. तरीही कबुली ती कबुली, असे मानून १९९४ साली त्याला जन्मठेप झाली.

पुढे त्या स्त्रीच्या देहावर सापडलेले रेत माल्कम रेवा या सराईत बलात्काऱ्याचे असल्याचे डीएनए तपासणीत सिद्ध झाले. हा रेवा एकट्याने गुन्हे करणारा म्हणून कुप्रसिद्ध होता. १९९८ साली त्या बलात्काराबद्दल तो दोषी ठरला. साहजिकच पोराची शिक्षा रद्द झाली आणि फेरखटला चालला; पण २००० साली ज्यूरीने पोराला पुन्हा दोषी ठरवले! एखाद्याने न केलेला गुन्हा स्वतःहून कबूल केला, हे त्या बारा जणांच्या गळी उतरले नसावे, दुसरे काय? आपल्यापैकीही बहुतेकांच्या उतरले नसते.

टिम मॅकिनेल हे पोलीस खात्यातून बाहेर पडलेले गृहस्थ हे प्रकरण उकरून काढू लागले, तेव्हा पोरा तुरुंगात वाढून प्रौढ झाला होता. वकील आणि तज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. डॉ. व्हॅलरी मॅगिन या मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंच्या तपासणीतून पोराला गर्भातील मद्यबाधा असल्याचे निष्पन्न झाले आणि सगळे कोडे उलगडले. वकील नाकारणे, प्रश्नकर्त्याच्या कलाने उत्तरे बदलणे, रिकाम्या जागा कल्पनेने भरणे, इनामाच्या आशेने पुढचा विचार न करता बोलत सुटणे, ही त्या बाधेची लक्षणेच होती. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. ३ मार्च २०१५ रोजी कौन्सिलने शिक्षा रद्द केली. अशा विकाराच्या माणसाच्या अशा कबुलीवर विसंबल्यास न्यायाचा विपर्यास होण्याचा धोका आहे, असा त्या निवाड्याचा आशय आहे. २०१६ साली सरकारने माफी मागून पंचवीस लाखांहून अधिक डॉलर्सची भरपाई दिली. रेवाला त्या खुनाबद्दल २०१९ साली दोषी ठरवण्यात आले. पोराने तोवर वीस वर्षांहून अधिक काळ गजांआड काढला होता.

न्यूझीलंडच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. तेथील २००६ च्या पुराव्याच्या कायद्यानुसार साक्षीदाराप्रमाणेच आरोपीलाही संवाद-साहाय्यक मिळू शकतो. हा साहाय्यक कोणाची बाजू घेत नाही. वकिलाचा अवघड प्रश्न सोपा करून सांगतो आणि आरोपीला खरोखर काय कळले, ते न्यायाधीशांच्या ध्यानात आणून देतो. इंग्लंडने १९९९ च्या कायद्याने असे मध्यस्थ नेमण्याची सोय केली, पण मूळ योजनेत ती साक्षीदारांपुरतीच होती. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दुबळ्याची दया लोकांना उशिराच येते.

कॅनडाची वाटचाल आपल्याला अधिक जवळची आहे आणि अधिक बोचणारीही. तेथील दूरच्या गावांत फिरून न्यायदान करणाऱ्या काही न्यायाधीशांना या प्रश्नाची जाणीव फार लवकर झाली. ब्रिटिश कोलंबियातील कन्लिफ बार्नेट आणि युकॉनमधील हाइनो लिलिस ही त्यांतील दोन नावे. तीच ती मुले पुनःपुन्हा समोर येतात, शिक्षा भोगतात आणि काहीही न शिकता परत येतात, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅड्यू खटल्यात असे ठरवले की, मूळ रहिवासी समाजातील आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजाने भोगलेल्या इतिहासाचा विचार न्यायाधीशाने केलाच पाहिजे.

त्या इतिहासात आपली ख्रिस्तसभा आहे. मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याचे धोरण तेथील सरकारने शतकाहून अधिक काळ राबवले. सुमारे दीड लाख मुले त्या शाळांतून गेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्था चालवीत होत्या. भाषा गेली, माया गेली; कित्येकांच्या वाट्याला मारहाण आणि अत्याचार आले. मोठी होऊन बाहेर पडलेली ही मुले आईबाप झाली, तेव्हा मूल कसे वाढवायचे हे त्यांना कोणी दाखवलेले नव्हते. त्यांतल्या अनेकांनी दुःख बुडवण्यासाठी बाटली जवळ केली. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर हे मॅनिटोबातील पहिले मूळ रहिवासी न्यायाधीश होते. आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने केली. त्यांतील तेहतिसावे गर्भातील मद्यबाधेच्या प्रतिबंधाबद्दल आहे आणि चौतिसावे थेट न्यायालयांबद्दल: निदानाची सोय करा, सक्तीच्या किमान शिक्षेतून अशा आरोपींना सूट द्या, तुरुंगात व सुटकेनंतर त्यांना आधार द्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टा प्रांतातील मास्क्वाचीस येथे जाऊन या शाळांतील दुष्कृत्यांबद्दल क्षमा मागितली, ते आपण वर्तमानपत्रांतून वाचले. त्या क्षमायाचनेचा एक धागा फौजदारी न्यायालयाच्या दारापर्यंत जातो, हे मात्र आपल्या वाचनात क्वचितच आले असेल.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. ही बाधा एखाद्या जमातीचा रोग नाही. लमवान यांची मुले फ्रेंच होती. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीचा भाग म्हणून वाईन देण्याची गोऱ्या मालकांची पद्धत होती आणि तेथे या बाधेचे प्रमाण जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. दारू जेथे जाते, तेथे ही बाधा जाते. आपल्या लग्नांत आणि सणांत पेला किती सहज फिरतो, ते वाचक जाणतातच.

मॅनिटोबाची राजधानी विनिपेग येथे २००४ सालापासून बालगुन्हेगारांमध्ये या बाधेची चाचपणी करून त्यांना मदत देणारा उपक्रम चालू झाला. त्यातूनच २०१९ साली तेथील प्रांतिक न्यायालयात मद्यबाधित प्रौढांना शिक्षा देतेवेळी बसणारे वेगळे कामकाज सुरू झाले. कॅनडात हे पहिलेच. न्यायाधीश मेरी केट हार्वी यांचा त्यात पुढाकार होता. हे कामकाज लहान आणि शांत दालनात चालते. बोलणे साध्या भाषेत होते, आणि अटी समजावून देताना चित्रांचाही आधार घेतला जातो. आरोपीची बाधा त्याच्या गुन्ह्याशी कशी निगडित आहे, याचा विचार होतो आणि त्याला घर, उपचार व सोबत मिळवून देणारे कार्यकर्ते तेथे उपस्थित असतात.

सोबत हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या क्षेत्रात काम करणारे जे सांगतात, ते ऐकल्यावर हसू यावे इतके साधे आहे. तारखेच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी आठवण करा. शक्य तर घरून घेऊन या. खटल्याआधी एकदा त्याला मोकळ्या वेळी न्यायालय दाखवून आणा. दाराशी सोबतीने आधी स्वतः कमानीतून जावे, म्हणजे काय होते ते त्याला दिसेल. सुरक्षा अधिकाऱ्याला आगाऊ कल्पना द्या. त्याने एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि अंगाला हात लावण्यापूर्वी तसे बोलून दाखवावे. पुकारा होईपर्यंत गर्दीच्या ओसरीऐवजी शांत कोपरा द्या. ‘समजले का?’ असे विचारू नका, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असेच येणार. ‘आता काय करायचे आहे, ते तू मला सांग’ असे म्हणा. जामिनाच्या अटी दहा न घालता तीनच घाला. यात झडती टळत नाही की कोणाच्या सुरक्षिततेत उणे राहत नाही. पाच मिनिटे अधिक लागतात, इतकेच.

आपल्या देशात या दिशेने जे पाऊल पडले, ते महाराष्ट्रातील एका खटल्यातून. मूकबधिर व मतिमंद मुलीवरील अत्याचाराच्या या खटल्यात खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा, पीडितेची साक्षच झाली नाही म्हणून, उच्च न्यायालयाने रद्द केली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असुरक्षित साक्षीदारांसाठी किमान दोन विशेष केंद्रे उभारण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२२ मध्ये, पुन्हा महाराष्ट्र शासनाविरुद्धच्याच एका प्रकरणात, असुरक्षित साक्षीदार या संज्ञेचा अर्थ विस्तारण्यात आला. मानसिक आजार असलेल्या व अपंग व्यक्तीही तीत आल्या. वेगळे दार, वेगळी प्रतीक्षाखोली, भय न वाटणारी बैठक, ही या केंद्रांची कल्पना विनिपेगच्या दालनापासून दूर नाही. पण ती साक्षीदारासाठी आहे. आरोपीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१८ होते: वेडा नसलेला परंतु कामकाज समजूच न शकणारा आरोपी दोषी ठरला, तर ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. मात्र खटला चालू असताना त्याला समजावून कोणी सांगायचे, यावर ती मौन पाळते. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजतो. गर्भातील मद्यबाधेचे नाव त्यांत नाही.

विनिपेगच्या त्या दालनाचे दारही सर्वांसाठी उघडत नाही. तेथे प्रवेश मिळण्यासाठी निदान झालेले असावे लागते. चेहऱ्यावर खुणा नसतील, तर कॅनडातील तज्ज्ञांच्या नियमानुसार, गरोदरपणी मद्यपान झाल्याची खात्रीलायक माहिती असल्याखेरीज हे निदान करता येत नाही. ती माहिती बहुधा एकाच व्यक्तीजवळ असते. ती आई कधी मरण पावलेली असते. कधी तिचे मूल सरकारने लहानपणीच दुसऱ्या घरी दिलेले असते आणि तिचा पत्ताही कोणाजवळ नसतो. कधी ती जिवंत असते, त्याच शहरात राहते. परंतु आपल्या मुलाच्या वकिलाला ते वाक्य सांगायचे म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याचा दोष भरल्या न्यायालयात स्वतःच्या माथी घ्यायचा, या विचाराने तिचे ओठ मिटलेले राहतात. तिच्या मद्यपानामागे तिच्या स्वतःच्या आईची निवासी शाळा असू शकते, किंवा मारझोड करणारा नवरा. मुलाला आधार मिळावा म्हणून तिने बोलावे अशी अपेक्षा असेल, तर बोलल्यावर तिला कोणी दगड मारणार नाही, याची हमी तिला आधी द्यावी लागेल. आणि ती हमी देणे न्यायाधीशाच्या हाती नसते, ते शेजाऱ्यांच्या आणि धर्मग्रामाच्या हाती असते.